पबचे फ्लॅट होताना: लंडनच्या जुन्या पबच्या वास्तुरचनेची पार्श्वभूमी

लंडनमध्ये एखाद्या जुन्या पबचे फ्लॅट झाले, तरी रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते पटकन लक्षात येत नाही, कारण कोपऱ्यावरचा दरवाजा, चकाकत्या टाइल्स आणि वर कोरलेले बिअर कंपनीचे नाव बहुधा तसेच ठेवलेले असते. त्यामुळे वास्तू वाचली, असा समज होतो. मात्र पबची खरी रचना आतल्या भागात होती आणि रूपांतरात पहिला घाव तिच्यावरच पडतो.

ही रचना घडवली ती परवान्यांनी. 1830 च्या कायद्याने दोन गिनी (जुने ब्रिटिश चलन) भरणाऱ्या करदात्याला दंडाधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि हजारो साधी बिअरघरे उघडली. 1869 मध्ये हे परवाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाती गेले. नवे परवाने दुर्मीळ झाल्यामुळे जुन्यांचा भाव वाढत गेला आणि 1890 च्या दशकात मद्यनिर्मात्यांनी असे पब विकत घेऊन त्यांच्या सजावटीवर प्रचंड पैसा ओतला. दशकाच्या अखेरीस ही तेजी ओसरली. आज आपण ज्यांना अस्सल लंडनी पब म्हणतो, त्यांतले बरेचसे त्या थोड्या वर्षांतले आहेत.

त्या काळच्या पबमध्ये मधोमध बार असे आणि त्याच्या भोवतीची जागा लाकूड व नक्षीदार काचेच्या पडद्यांनी लहान कप्प्यांत विभागलेली असे. मजुरांचा कप्पा, बऱ्या ऐपतीच्या गिऱ्हाइकांचा सलून बार, घरी बिअर नेणाऱ्यांची खिडकी, यांना बाहेरून वेगवेगळे दरवाजे असत. काही ठिकाणी बारवर डोळ्यांच्या उंचीवर फिरत्या काचेच्या छोट्या झडपा असत. त्या मिटल्या की पिणाऱ्याचा चेहरा पलीकडच्याला दिसत नसे. वर्गभेदाचा इतका स्पष्ट नकाशा दुसऱ्या कोणत्याही इमारतीत क्वचितच सापडेल, आणि म्हणूनच तो जपायला हवा होता. प्रत्यक्षात यातले पुष्कळसे पडदे विसाव्या शतकातच, पब चालू असताना, काढले गेले.

घरे करताना वरचे मजले फारसा त्रास देत नाहीत, कारण पबचालकाचे कुटुंब तिथेच राहत असे. अडचण तळमजल्याची असते: छत उंच, खिडक्या थेट फुटपाथवर उघडणाऱ्या, आणि खाली पिंपे उतरवण्यासाठी बांधलेले अंधारे तळघर. तिथे भिंती घातल्या की बारची मोकळी जागा तुकड्यांत विरून जाते.

या रूपांतरांमागे जागेची किंमत आहे. ब्रिटिश सरकारच्या 1989 च्या आदेशांनी 2,000 हून अधिक पब असलेल्या मद्यनिर्मात्यांवर बंधने आणली. त्यांनी विकलेले असंख्य पब अशा कंपन्यांकडे गेले, ज्यांच्या दृष्टीने ती प्रामुख्याने स्थावर मालमत्ता होती. कार्लटन व्हेल रस्त्यावरचा 1920-21 मधला कार्लटन टॅव्हर्न हे त्याचे टोकाचे उदाहरण. तिथे फ्लॅट बांधण्याचा अर्ज वेस्टमिन्स्टर कौन्सिलने फेटाळला. त्यानंतर एप्रिल 2015 मध्ये, संरक्षित इमारतींच्या वारसा यादीत समावेश अगदी तोंडावर असताना, मालकाने इमारत पाडली. कौन्सिलने ती होती तशीच पुन्हा बांधायला लावली. हे शक्य झाले, कारण यादीच्या तयारीसाठी आतल्या-बाहेरच्या तपशिलांची नोंद आधीच झालेली होती. एप्रिल 2021 मध्ये तो पब पुन्हा सुरू झाला. दरम्यान, 2017 पासून इंग्लंडमध्ये पब पाडायचा किंवा त्याचे दुकान करायचे असले, तरी नियोजन परवानगी बंधनकारक झाली.