बॅटरी ठीक, तरी फ्रीज बंद

मे महिन्यात मावसभाऊ त्याची कॅम्पर व्हॅन घेऊन आला. दापोलीहून गुहागरकडे जायचं म्हणून दाभोळला गाडी फेरीबोटीवर चढवली, इंजिन बंद केलं आणि धोपाव्याचा धक्का यायच्या आत व्हॅनमधला फ्रीज थांबला. आत हर्णैच्या लिलावातली सुरमई होती. पलीकडे उतरून इंजिन सुरू केलं, तर फ्रीजही सुरू झाला. वेळणेश्वरला मुक्काम केला तेव्हा पुन्हा तीच तऱ्हा. कॉम्प्रेसर पाच-सात सेकंद घरघरायचा, थांबायचा, थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा.

वाटेत एका मेकॅनिकने ‘गॅस गेला’ असं सांगितलं होतं. मला ते पटेना. गॅस गेला तर कॉम्प्रेसर चालत राहतो, फक्त थंड होत नाही. इथे कॉम्प्रेसरच थांबत होता, आणि तोही इंजिन बंद असतानाच. म्हणजे दोष विजेच्या वाटेवर असणार.

भावाने मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, फ्रीजच्या वायरच्या टोकाशीही १२.४. “दादा, करंट तर पूर्ण येतोय!” तो म्हणाला. बोलताना आपण सगळेच असं म्हणतो, पण मीटरने दाखवलं ते व्होल्टेज होतं, करंट नव्हे. बहुतेक डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे एक कोटी ओहम असतो, त्यामुळे त्याला अँपिअरचा दहा लाखावा भाग एवढाच प्रवाह लागतो. एवढासा प्रवाह गंजलेल्या जोडातूनही सुखाने जातो. वाडीतल्या पाइपात शेवाळ अडकलं तरी नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो, तसंच हे. नळ उघडला की खरं काय ते कळतं.

गेऑर्ग ओम यांनी १८२७ साली मांडलेला नियम इथे थेट कामाला येतो. जोडाचा रोध गुणिले त्यातून जाणारा प्रवाह, एवढे व्होल्ट त्या जोडातच खर्ची पडतात. प्रवाह नसेल तर खर्चही नाही. म्हणून वायरिंग तपासायचं ते भार टाकूनच, म्हणजे वीज खाणारं काहीतरी जोडून.

फ्रीज पाच सेकंदांत बंद पडत असेल तर भार आणायचा कुठून? हेडलाइटचा जुना बल्ब घ्यावा. १२ व्होल्टचा ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो, जवळजवळ छोट्या कॉम्प्रेसर फ्रीजइतकाच. फ्रीजची वायर सोडवून तिथे बल्ब लावला, तो पिवळट पेटला. बॅटरीवर १२.२, बल्बपाशी १०.२. मधले दोन व्होल्ट वाटेत गेले होते.

आता ते नेमके कुठे गेले? यासाठीची युक्ती मला फार आवडते. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बल्बच्या प्लसला लावायची. एकाच रस्त्याची ही दोन टोकं, त्यांच्यात शून्याच्या जवळपास दिसायला हवं. आम्हाला अर्धा व्होल्ट दिसला. मग मायनस ते मायनस, तिथे दीड व्होल्ट! गुन्हेगार परतीच्या वाटेवर होता. फ्रीजची मायनस वायर मागच्या चाकाजवळ बॉडीला बोल्टने अर्थ केली होती, म्हणजे प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जात होता. तो बोल्ट हाताला गरम लागला. लागणारच, दीड व्होल्ट गुणिले साडेचार अँपिअर म्हणजे जवळपास सात वॅट उष्णता त्या एका जोडात तयार होत होती.

फ्रीज त्याच्यापुरता शहाणपणाने वागत होता. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की बॅटरी वाचवायला तो स्वतःहून थांबतो. ही मर्यादा मॉडेलनुसार आणि सेटिंगनुसार बदलते, पण दहाच्या आसपास ती बऱ्याचदा आढळते. त्यात व्होल्टेज घटलं की तेवढंच काम करायला कॉम्प्रेसर जास्त प्रवाह ओढतो. ६० वॅटला १२ व्होल्टवर पाच अँपिअर पुरतात, १० व्होल्टवर सहा लागतात. प्रवाह वाढला की जोडातली घट आणखी वाढते. फ्रीज थांबला की घट नाहीशी होते, व्होल्टेज परत वर येतं, तो पुन्हा प्रयत्न करतो. इंजिन चालू असताना त्यावर फिरणारा अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) १४ व्होल्टच्या वर देतो, त्यातून दोन गेले तरी १२ उरतात. फेरीबोटीवरचं कोडं एवढंच होतं.

बोल्ट उघडला तर खाली रंगाचा थर, त्यावर गंज, आणि वायरचे तांब्याचे धागे हिरवे-काळे. किनाऱ्यावर हे इतक्या लवकर का होतं? पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा शोषून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते सुमारे ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं. आपल्या किनाऱ्यावरची हवा त्याहून कोरडी क्वचितच होते. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने जोडावर बसलेला थर जवळपास बारा महिने ओला. लोखंड, तांबं आणि खारं पाणी एकत्र आलं की ती एक छोटी बॅटरीच होते, आणि तीत लोखंड झिजतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि भुसभुशीत असतो, त्यामुळे बोल्टाचा दाब टिकत नाही आणि जोड सैलावतो. शिवाय पाणी धाग्यांच्या फटींतून वायरच्या आत चढतं. आम्ही वायर दोन इंच सोलली तरी तांबं काळंच निघालं. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जायचं, मगच नवं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, दाबायचं.

मच्छीमार बोटींसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर मिळते. आजीच्या पितळी पातेल्याला ज्या धातूची कल्हई असते, तोच हा धातू. आमसुलाच्या आंबटापासून पातेलं वाचतं, इथे खाऱ्या ओलाव्यापासून तांबं. किनाऱ्यावर वरचेवर फिरणाऱ्या गाडीत हीच वायर घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

परतीसाठी बॉडीवर भरवसा न ठेवता आम्ही दुसरी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली. आधी होती दीडची वायर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याची, ती बदलून सहाची घातली. जाऊन-येऊन नऊ मीटरला दीडच्या तांब्याचा रोध सुमारे ०.१ ओहम, सहाच्याचा त्याचा चौथा हिस्सा. प्लसच्या बाजूला बॅटरीलगत १५ अँपिअरचा फ्यूज बसवला. फ्यूज वाचवतो ती वायर, म्हणून त्याची जागा फ्रीजपाशी नव्हे. फ्यूज उडाला म्हणून त्यावर चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणं म्हणजे बिछान्याखाली आग ठेवण्यासारखं आहे. काम करताना बोटातली अंगठी काढावी आणि बॅटरीचा मायनस आधी सोडवावा. प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात.

नव्या वायरीवर बल्ब लावला तेव्हा दोन्ही बाजूंची घट मिळून ०.२ व्होल्ट भरली. बोल्ट घट्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावलं. मग फ्रीज जोडला. तो रात्रभर इंजिनाशिवाय चालला आणि सकाळी बॅटरीवर १२.१ होते.