स्टीम ऑइल आणि मशीन ऑइल: दोन्ही तेलंच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही

इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत रूळ टाकून खऱ्या वाफेवरची छोटी इंजिनं चालवणारे बरेच जण आहेत. त्यातलं 16 मिलिमीटर स्केल मला जवळचं, कारण एका फुटाला 16 मिलिमीटर धरले की माथेरानच्या दोन फुटी रुळांचे बरोबर 32 मिलिमीटर होतात. असं इंजिन चालवायला पाणी, ब्युटेन गॅस आणि दोन तेलं लागतात. पाणी आणि गॅसमध्ये कुणाची गल्लत होत नाही. होते ती तेलांत. नवीन माणूस एक बाटली संपली की दुसरी उचलतो, आणि दोन-चार फेऱ्यांत इंजिन अडखळायला लागतं.

स्टीम ऑइल हे सिलिंडरच्या आतलं तेल. रंगाने काळपट हिरवं, ओघळताना काकवीसारखं. बाटलीवर बहुतेक वेळा 460 लिहिलेलं असतं. तेल 40 अंश सेल्सिअसला किती घट्ट असतं, त्याचा हा आकडा. इतकं जाड तेल कशाला, तर सिलिंडरमध्ये ते जाड राहतच नाही. बॉयलरमध्ये 40 पौंडांचा दाब असला की वाफ 140 अंशांच्या आसपास असते. शंभर अंशांनाच 460चं माप साधारण 30वर येतं. 32 दर्जाचं हलकं मशीन ऑइल त्याच उष्णतेला पाचेकवर उतरतं, म्हणजे पाण्यासारखं वाहून जातं. मग पिस्टन कोरडा घासतो आणि त्याचं सील झिजतं.

पण नुसत्या जाडीने काम भागत नाही. सिलिंडरमधली वाफ ओली असते, सुरुवातीला तर तिचं पाणीच होतं, आणि पाणी साध्या खनिज तेलाला धातूवरून धुऊन नेतं. म्हणून स्टीम ऑइलमध्ये थोडी चरबी मिसळलेली असते. ती पाण्याशी मिळून दुधट थर करते आणि तो थर पितळेला, लोखंडाला धरून राहतो. पूर्वी मोठ्या इंजिनांत नुसती जनावरांची चरबीच घालत. ती उष्णतेने फुटून आम्ल तयार व्हायचं आणि धातू खायचं, म्हणून पुढे खनिज तेल मुख्य झालं आणि चरबी चवीपुरती उरली. त्यामुळे 460चं कुठलंही गिअर ऑइल आणून घालू नका. आकडा तोच असतो, पण काही गिअर तेलांतली गंधकाची मिसळण पितळ खाते. गाडीचं इंजिन ऑइलही नको. त्यातले मळ धरून ठेवणारे घटक पाण्याबरोबर चिखल करतात.

मशीन ऑइलचं काम बाहेरचं: आस, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या खिळी, व्हॉल्व्ह हलवणारे सांधे. तिथे वाफ नाही, ताप थोडाच, आणि जागा केसाएवढी. शिलाई मशीनला घालतो तसं पातळ तेल तिथे शिरतं. सुईच्या तोंडाच्या बाटलीने प्रत्येक सांध्याला एक थेंब, दर वेळी इंजिन पेटवण्याआधी. इथे स्टीम ऑइल लावलं तर ते आत जातच नाही. बाहेर बसून धूळ आणि गवताची कुसं गोळा करतं. थंडीच्या सकाळी तर ते इतकं घट्ट होतं की हलकं इंजिन जागचं हलत नाही. (स्टीम ऑइलची बाटली अशा दिवशी गरम पाण्याच्या मगात उभी करावी, नाहीतर ते सिरिंजमध्येही चढत नाही.)

स्टीम ऑइल सिलिंडरपर्यंत जातं कसं, हे एकदा नीट पाहिलं की पुढे गल्लत होणारच नाही. वाफेच्या नळीला लागून अंगठ्याएवढं भांडं असतं, तोच लुब्रिकेटर. त्यात तेल भरून झाकण घट्ट करायचं. नळीला असलेल्या बारीकशा भोकातून थोडी वाफ भांड्यात शिरते, थंड होऊन तिचं पाणी होतं. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर उचलून भोकातून वाफेत ढकलतं. पंप नाही, चावी नाही, काहीच हलत नाही. तेल जितकं गेलं तितकं पाणी भांड्यात उरतं. वापरलेलं तेल धुराड्यातून बाहेर पडतं, म्हणून धुराड्याभोवती तेलकट शिंतोडे दिसले की मला बरं वाटतं. फडक्याने पुसून घ्यायचे.

फेरी संपली, दाब पूर्ण शून्यावर आला, की झाकण उघडा आणि सिरिंजने तळाचं पाणी ओढून घ्या. खाली पाणी आणि वर थोडं तेल असेल तर सगळं ठीक. सगळं पाणीच निघालं तर शेवटच्या काही फेऱ्या इंजिन कोरडं धावलं. पुढच्या वेळी लवकर थांबवा. आणि भांडं काठोकाठ तेलानेच भरलेलं, पाण्याचा टिपूसही नाही, असं दिसलं तर ते बारीक भोक बुजलंय. ते साफ होईपर्यंत इंजिन पुन्हा पेटवू नका.