‘जुंटा’ या शब्दाची पार्श्वभूमी

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यापासून ‘जुंटा’ हा शब्द बातम्यांत वरचेवर येतो आणि त्याचा अर्थ आपण ‘लष्करशहांचे टोळके’ असाच धरून चालतो. स्पॅनिश शिकू लागलेल्याला मात्र आधी कळते ते हे, की मूळ उच्चार ‘हुंता’च्या जवळचा आहे आणि त्या शब्दात लष्कराचा मागमूसही नाही. ‘हुंतार’ म्हणजे एकत्र आणणे, जोडणे. त्यामागच्या लॅटिन धातूचे संस्कृत ‘युज्’शी सख्खे नाते असून बैलांच्या मानेवरचे आपले ‘जू’ही त्याच कुळातले आहे. (कानाला जवळची वाटणारी ‘जनता’ मात्र या गोतावळ्यात बसत नाही.)

या शब्दाला राजकीय वजन आले ते १८०८ मध्ये. नेपोलियनने स्पेनच्या राजाला आणि युवराजाला बायोन येथे बोलावून गादी सोडायला लावली व तिच्यावर आपला भाऊ जोसेफ याला बसवले, तेव्हा ओव्हिएदो, सेव्हिया अशा शहरांत स्थानिक मंडळींनी आपापल्या हुंता स्थापून कारभार हाती घेतला, आणि २५ सप्टेंबरला आरान्हुएस येथे त्यांची मध्यवर्ती हुंता उभी राहिली. हीच रीत समुद्रापार गेली. २५ मे १८१० रोजी ब्युनोस आयरेसमध्ये स्थापन झालेल्या हुंतेतील नऊ जणांत वकील होते, व्यापारी होते, एक पाद्रीही होता. अध्यक्ष साआवेद्रा हा सैनिकी पेशाचा असला, तरी ती लष्कराची राजवट नव्हती. त्याच शहरात २४ मार्च १९७६ रोजी सत्तेवर आलेल्या हुंतेत तिघेच होते : भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे प्रमुख. चिलीत १९७३ मध्येही असेच घडले होते. जगाच्या कानावर अशाच हुंता अधिक पडत गेल्या, आणि माझ्या मते शब्द बदनाम झाला तो त्यामुळे.

पोर्तुगीज भाषेतही हाच शब्द आहे. पणजीतील ‘जुंता हाऊस’ या सरकारी कार्यालयांच्या इमारतीमुळे गोव्यात तो ओळखीचा आहे. खुद्द स्पेनमध्ये आंदालुसिया प्रांताच्या लोकनियुक्त सरकारचे अधिकृत नावच ‘हुंता’ आहे, आणि इमारतीतील सदनिकाधारक लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च कसा वाटून घ्यायचा हे ठरवायला ज्या सभेत जमतात, तीही हुंताच.