पर्यावरणाचा पेपर कॉलेजात आला कुठून?

कोल्हापुरात बी.ए. करा, बी.कॉम. करा नाहीतर बी.एस्सी., पर्यावरणाचा पेपर कुणाला चुकत नाही. तो विद्यापीठांना आपणहून सुचला नाही, सर्वोच्च न्यायालयाने लावायला लावला.

मागची साखळी मोठी आहे. 1972 ची संयुक्त राष्ट्रांची स्टॉकहोम पर्यावरण परिषद, 1976 च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलेलं पर्यावरणरक्षण, 1984 ची भोपाळ दुर्घटना आणि 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा. पण लोकांना माहितीच नसेल तर कायदे पाळणार कोण, हा मुद्दा घेऊन वकील एम. सी. मेहता न्यायालयात गेले. 22 नोव्हेंबर 1991 चा निकाल आला: सिनेमागृहांनी पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने वेळ द्यावा, शाळा-कॉलेजांत विषय सक्तीचा करावा.

वर्गातली सक्ती मात्र रखडली. मेहतांना पुन्हा दाद मागावी लागली आणि 2003 मध्ये न्यायालयाने कडक भूमिका घेतल्यावर पदवीच्या सर्व शाखांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. आठ घटक, 50 तास. पुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी.

या आराखड्यात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते क्षेत्रकार्याचे 25 गुण. जवळच्या नदीची, तळ्याची, डोंगराची नोंद करा, एखादी प्रदूषित जागा पाहा, आसपासची झाडं, किडे, पक्षी ओळखा, एवढंच मागणं. कोल्हापूरच्या पोरांना यासाठी लांब जायला नको. रंकाळा तलाव गावातच आहे. जयंती नाला पंचगंगेला जिथे मिळतो तिथे उभं राहिलं की जलप्रदूषणाचा धडा नाकाला आधी कळतो. गव्यांसाठी 1958 मध्ये राखलेलं दाजीपूरचं जंगल आज राधानगरी अभयारण्यात आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे पुराचा इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, ते का, हा खरा प्रोजेक्ट. आणि तरी झेरॉक्सच्या दुकानातून तयार फाइल आणून सही घेतली जाते, याचं फार वाईट वाटतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर 2023 मध्ये आयोगाने हा अभ्यासक्रम पुन्हा बांधला. हवामानबदलाला त्यात मोठी जागा मिळाली आणि क्षेत्रकार्य कायम राहिलं.