सामुदायिक भूमी न्यास

जमीन कायमची एका लोकनियंत्रित, ना-नफा संस्थेच्या मालकीत ठेवून तीवरील घरे, दुकाने वा शेते व्यक्तींना किंवा सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने वापरू देण्याची व्यवस्था. इंग्रजीत तिला कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणतात. तिचा उगम शेतजमिनीच्या प्रश्नातून झाला. परंतु १९८० नंतर अमेरिकेतील आणि काही प्रमाणात ब्रिटनमधील शहरांत बखळ पडलेल्या भूखंडांचा रहिवाशांच्या आराखड्यानुसार पुनर्विकास करण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. प्रस्तुत नोंदीत या अंगावर भर दिला आहे.

न्यासाच्या जमिनीवर घर घेणारा माणूस फक्त बांधकामाचा मालक होतो. जमिनीसाठी त्याला बहुधा ९९ वर्षांचा, नूतनीकरणक्षम आणि वारसाहक्काने पुढे जाणारा भाडेपट्टा मिळतो. घर विकायचे झाल्यास ते पुन्हा विकत घेण्याचा पहिला हक्क न्यासाचा असतो आणि किंमत पट्ट्यातील सूत्रानुसार ठरते. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टनच्या न्यासाने रूढ केलेल्या सूत्रात मालकाला त्याने भरलेली रक्कम आणि मूल्यवाढीचा चौथा हिस्सा मिळतो. समजा, १ लाख डॉलरला घेतलेल्या घराचे मूल्यांकन पुढे १ लाख ४० हजार भरले, तर वाढीतले १० हजार विकणाऱ्याचे. उरलेले ३० हजार कोणाच्याच खिशात जात नाहीत, पुढच्या कुटुंबाला घर तेवढे स्वस्त पडते. कारभार प्रायः तीन समान गटांच्या मंडळाकडे असतो: पट्टेदार, परिसरातील इतर रहिवासी, आणि लोकहिताचे प्रतिनिधी म्हणून घेतलेले तज्ज्ञ वा शासकीय सदस्य. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात या प्रकारच्या संस्थेची व्याख्या १९९२ मध्ये समाविष्ट झाली.

उगमाविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. पहिला न्यास म्हणून जॉर्जिया राज्यातील ‘न्यू कम्युनिटीज’ या संस्थेकडे बोट दाखवले जाते. ती १९६९ मध्ये स्थापन झाली आणि लवकरच तिने ली काउंटीत सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे जमीनदारांनी हुसकावून लावलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना हक्काची जमीन मिळावी, हा तिचा हेतू होता. चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग आणि रॉबर्ट स्वान ही तिच्या संस्थापकांतील प्रमुख नावे. मात्र जमीन सामायिक ठेवून वापर खाजगी ठेवण्याची कल्पना त्यांनी कोठून घेतली, याची उत्तरे निरनिराळी दिली जातात.

एक मत अमेरिकन अर्थविचारक हेन्री जॉर्जच्या भूमिकर-विचाराकडे (जमिनीच्या मूल्यावर कर लावून ते मूल्य समाजाकडे वळवावे, या विचाराकडे) जाते. त्या विचाराच्या अनुयायांनी अलाबामातील फेअरहोप (१८९४) आणि डेलावेअरमधील आर्डेन (१९००) येथे सामायिक जमिनीवरील पट्टेदारांच्या वसाहती वसवल्या होत्या. इंग्लंडमधील एबेनेझर हॉवर्डच्या उद्याननगर-योजनेतही जमिनीची वाढती किंमत गावालाच मिळावी, हे तत्त्व होते. दुसरे मत इझ्राएलकडे निर्देश करते. १९६८ मध्ये स्वान, किंग, शेरॉड प्रभृतींचे एक पथक तेथील ज्यू राष्ट्रीय निधी या जमीन राखणाऱ्या संस्थेच्या जमिनीवर पट्ट्याने वसलेली गावे पाहून आले आणि परतल्यावर वर्षभरात न्यू कम्युनिटीजची घडण झाली. तिसरे मत मराठी वाचकाच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे: ते विनोबा भावे यांच्या ग्रामदानाला मूळ प्रेरणा मानते.

या तिसऱ्या मताला आधार नाही असे नाही. एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीला सुरू झालेल्या भूदानाचे पुढचे पाऊल ग्रामदान होते. उत्तर प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यातील मंगरोठ हे पहिले ग्रामदानी गाव मानले जाते (१९५२). १९६५ च्या सुमारास पुढे आलेल्या सुलभ ग्रामदानात जमिनीचे स्वामित्व ग्रामसभेकडे जाते, विसावा हिस्सा भूमिहीनांना दिला जातो, आणि उरलेली जमीन कसण्याचा वंशपरंपरागत हक्क मूळ शेतकऱ्याकडेच राहतो. गावाबाहेरच्याला ती विकता मात्र येत नाही. स्वामित्व आणि वहिवाट यांची ही फारकत भूमी न्यासाच्या भाडेपट्ट्याशी बरीच जुळते. स्वानचे ज्येष्ठ सहकारी राल्फ बोर्सोडी काही काळ भारतात राहिले होते व ग्रामदानाचे चाहते होते. गांधींच्या विश्वस्त-कल्पनेशी नाते सांगणारी त्यांची मांडणी १९३० च्या दशकापासूनची आहे. स्वान व बोर्सोडी यांनी १९६७ मध्ये स्थापलेल्या संस्थेतूनच न्यासाच्या कल्पनेचा पुढे प्रसार झाला.

असे असले तरी भाडेपट्ट्याची कायदेशीर चौकट, तिची मुदत आणि फेरखरेदीचा हक्क यांचे पूर्वसंकेत ग्रामदानापेक्षा आर्डेन व इझ्राएल यांच्या व्यवहारात अधिक स्पष्ट दिसतात. ग्रामदानाने दिली ती नैतिक बैठक, असे म्हणणे उपलब्ध माहितीशी सुसंगत ठरते. अलीकडील अभ्यासकांचा कलही एकच उगम न शोधता मिश्र वंशावळ मान्य करण्याकडे आहे. न्यू कम्युनिटीजची जमीन दुष्काळ आणि कर्जवाटपातील वर्णभेद यांमुळे १९८५ मध्ये जप्त झाली. सुमारे सव्वा कोटी डॉलरची भरपाई मंजूर व्हायला २००९ साल उजाडले.

शहरी भागातील पहिला न्यास सिनसिनाटी येथे १९८०-८१ च्या सुमारास निघाला, असे सामान्यतः मानले जाते. बर्लिंग्टनचा न्यास १९८४ मध्ये बर्नी सँडर्स महापौर असताना नगरपालिकेच्या मदतीने उभा राहिला आणि पुढे शँप्लेन हाउसिंग ट्रस्ट या नावाने विस्तारला. परंतु रिकाम्या जमिनीचे नियोजन रहिवाशांनी स्वतः हाती घेतल्याचे सर्वांत परिचित उदाहरण बॉस्टनचे आहे.

बॉस्टनमधील रॉक्सबरी आणि उत्तर डॉर्चेस्टर यांच्या सीमेवरील डडली परिसर शहराच्या मध्यापासून दोनेक मैलांवर आहे. बँकांनी कर्जे नाकारणे, गोऱ्या मध्यमवर्गाचे स्थलांतर आणि विम्याच्या पैशासाठी लावलेल्या आगी यांमुळे १९८० च्या सुमारास तेथे सुमारे १,३०० भूखंड ओस पडले होते. बाहेरचे ठेकेदार रात्री ट्रक आणून तेथे राडारोडा, जुने फ्रिज आणि सडके मांस टाकत. बेकायदा कचरा-केंद्रेही थाटली गेली होती. रायली फाउंडेशन या दानसंस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये डडली स्ट्रीट नेबरहुड इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या घटनेत २३ जणांच्या मंडळात रहिवाशांना ४ जागा होत्या. १९८५ च्या सुरुवातीस चर्चमध्ये भरलेल्या सभेत लोकांनी यावर आयोजकांना धारेवर धरले. घटना बदलली, मंडळ ३१ जणांचे झाले, रहिवाशांच्या जागा वाढल्या आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो, केप व्हर्दियन (आफ्रिकेलगतच्या केप व्हर्द बेटांतून आलेले) व गोरे या चारही समाजगटांना समान प्रतिनिधित्व मिळाले. संख्येच्या प्रमाणात जागा न देता समान जागा देण्याचा निर्णय पुढच्या काळात बराच उपयोगी पडला असावा.

संस्थेने आराखड्याला लगेच हात घातला नाही, आधी कचरा हटवला, हे येथे महत्त्वाचे आहे. १९८६ च्या मोहिमेने नगरपालिकेला बेकायदा केंद्रे बंद करायला लावली. लोकांच्या सभांतून तयार झालेला सर्वंकष आराखडा १९८७ मध्ये आला आणि महापौर रेमंड फ्लिन यांच्या प्रशासनाने तो स्वीकारला. नगरपालिकेने स्वतःचा वेगळा आराखडा करून तो लोकांपुढे हरकतींसाठी ठेवण्याची नेहमीची रीत येथे उलटी झाली.

खरी अडचण मालकीची होती. डडली ट्रँगल या ६४ एकरांच्या गाभ्यातील सुमारे ३० एकर जमीन रिकामी होती. तिच्यातील निम्मी नगरपालिकेकडे कर थकल्याने आलेली, निम्मी खाजगी, आणि दोन्ही बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकमेकांत मिसळलेली. खाजगी मालकांपैकी कित्येक बेपत्ता होते, कित्येक भाव वाढण्याची वाट पाहत होते. सलग पट्टा हाती आल्याशिवाय घरबांधणी परवडत नव्हती. तेव्हा संस्थेने नगरपालिकेकडे थेट सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकारच मागितला. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातील नागरी पुनर्विकास महामंडळांविषयीच्या १२१-अ या प्रकरणाचा आधार घेऊन डडली नेबर्स ही उपसंस्था, म्हणजेच येथील भूमी न्यास, स्थापन झाली आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये बॉस्टन पुनर्विकास प्राधिकरणाने तिला हा अधिकार दिला. वस्तीपातळीवरील संघटनेला तो मिळाल्याचे अमेरिकेतील हे पहिले, आणि बहुतेक एकमेव, उदाहरण आहे. त्याला मर्यादा होती: राहते घर घ्यायचे नाही, फक्त रिकामी जमीन, आणि तीही बाजारभावाने मोबदला देऊन. मोबदल्यासाठी फोर्ड फाउंडेशनने २० लाख डॉलरचे सवलतीचे कर्ज दिले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नागरी नूतनीकरणाने याच अधिकाराच्या बळावर बॉस्टनची वेस्ट एंड ही वस्ती भुईसपाट केली होती. त्यामुळे तो आपल्याच हाती घेण्यास काही रहिवाशांचा विरोध होता, तो निराधार म्हणता येणार नाही.

पुढील तीन दशकांत न्यासाच्या जमिनीवर सव्वादोनशेच्या आसपास परवडणारी घरे, लहान उद्याने, क्रीडांगण आणि शहरी शेती उभी राहिली. ब्रुक अव्हेन्यूवरील मोडकळीस आलेल्या मोटार-गॅरेजच्या जागी सुमारे १०,००० चौरस फुटांचे हरितगृह आहे. त्याचा काही भाग वस्तीतील लोक वाफे वाटून घेऊन कसतात. जुन्या रंगांतून उतरलेले शिसे मातीत असल्याने परिसरातील भाजीपाला बाहेरून आणलेल्या माती-खताच्या उंच वाफ्यांत लावण्याची पद्धत पडली. रिकाम्या शहरी जमिनीवर शेतीचे बेत आखणारे या बाबीकडे अनेकदा काणाडोळा करतात. २००८ च्या गृहकर्ज-संकटात भोवतालची घरे धडाधड जप्त होत असताना न्यासाची घरे बहुतांशी वाचली. विक्रीपूर्वी आणि कर्ज फेडताना न्यासाची नजर असणे, हे त्याचे कारण दिले जाते.

टीका दोन बाजूंनी होते. पट्टेदाराला मूल्यवाढीचा पूर्ण लाभ मिळत नसल्याने पिढीजात संपत्ती साठत नाही, ही एक. दुसरी आतून येते: अनेक न्यास घरे बांधता बांधता नुसत्या गृहनिर्माण संस्था झाल्या, सभा ओस पडल्या आणि ‘समुदाय’ नावापुरता उरला. दुसरी टीका अधिक गंभीर मानावी लागते, कारण पहिलीचे उत्तर सूत्र बदलून देता येते.

अन्यत्र या व्यवस्थेची रूपे भिन्न आहेत. लंडनमध्ये टेम्सच्या दक्षिण तीरावरील कॉइन स्ट्रीट येथील सुमारे १३ एकर जमीन कार्यालयीन इमारतींच्या विरोधातील लढ्यानंतर १९८४ मध्ये रहिवाशांच्या कंपनीने घेतली. तिला काटेकोर अर्थाने भूमी न्यास म्हणत नाहीत. पोर्तो रिकोतील सान ह्वान शहरात मार्टिन पेन्या कालव्याकाठच्या वस्त्यांसाठी २००४ च्या खास कायद्याने न्यास निर्माण झाला. तेथे प्रश्न रिकाम्या जमिनीचा नसून राहत्या जमिनीवरील हक्काचा होता.

भारतात शहरी भूमी न्यासासाठी स्वतंत्र कायदा नाही. ग्रामदानासाठी मात्र आहे: महाराष्ट्राचा अधिनियम १९६४ चा असून त्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २०१३ मध्ये ग्रामदानाचा निर्णय घेतला. मुंबईत तुलनेला योग्य असा प्रसंग गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार ही जमीन ढोबळमानाने तीन हिश्श्यांत वाटायची होती: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरते मर्यादित केले. शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन त्यात धरायची की नाही, यावर वाद झाला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती धरावी असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निर्णय फिरवला. गिरणी कामगारांच्या संघटनांनी घरांसाठी दीर्घ लढा दिला आणि सोडतीने काही हजार घरे मिळवली. जमिनीची मालकी वा आराखडा मात्र त्यांच्याकडे कधीच आला नाही.