बारा हजार अक्षरांतलं एक अक्षर

चिकुनगुनिया हे नाव आलं माकोंडे भाषेतून. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियातल्या माकोंडे पठारावर साथ आली, सांधे धरून माणसं वाकली आणि 'वाकवणारा' अशा अर्थाचा शब्दच आजाराला चिकटला. आपल्याकडे १९६३ मध्ये कोलकात्यात आणि १९७३ मध्ये बार्शीत साथी झाल्या. मग तीसेक वर्षं आजार विस्मरणातच गेला.

२००५ मध्ये हिंदी महासागरातल्या रीयुनियन या फ्रेंच बेटावर तो पोचला. आधी रुग्ण तुरळक होते, वर्षाच्या मध्याला तर साथ ओसरते आहे असंच वाटलं. पण डिसेंबरअखेर आकडे उसळले आणि २००६ च्या सुरुवातीला एकेका आठवड्यात ४० हजारांहून जास्त माणसं अंथरुणाला खिळली. पावणेआठ लाखांच्या बेटावर तिघांतल्या एकाला लागण झाली. कोडं असं, की हा विषाणू एरवी ज्याच्यावर विसंबतो तो एडिस इजिप्ती डास तिथे फारसा नव्हताच. होता तो पायांवर पांढरे पट्टे असलेला त्याचा भाऊबंद, एडिस अल्बोपिक्टस.

साथ चालू असतानाच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने सहा विषाणूंचा जवळजवळ संपूर्ण जनुकक्रम वाचला आणि रीयुनियन व आसपासच्या बेटांवरच्या १२७ रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूच्या बाह्य आवरणावरच्या ई१ या प्रथिनाच्या जनुकाचा काही भाग तपासला. मला या १२७ नमुन्यांचं मोल फार वाटतं. एकट्या नमुन्यातला बदल योगायोग म्हणून सोडून देता आला असता. इथे मात्र तारखांसकट बदल दिसला: प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; ई१ मधल्या २२६ व्या जागी सुरुवातीच्या विषाणूंत ॲलनिन हे अमिनो आम्ल होतं, डिसेंबर २००५ नंतर रीयुनियनच्या नव्वद टक्क्यांहून अधिक नमुन्यांत व्हॅलिन हे दुसरं. म्हणजे सुमारे बारा हजार रासायनिक अक्षरांच्या जनुकक्रमात एक अक्षर बदललेलं.

त्याने काय साधलं? रक्तासोबत डासाच्या पोटात गेलेल्या विषाणूला आधी आतड्याच्या पेशींत शिरावं लागतं, तिथून लाळग्रंथींपर्यंत जावं लागतं. तेव्हाच पुढचा चावा रोग देतो. या बदलामुळे अल्बोपिक्टसच्या आतड्यातली ही पहिली पायरी सोपी होते, हे २००७ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालं.

भारतात २००६ च्या मोठ्या साथीत त्या जागी ॲलनिनच होतं. ती साथ मुख्यतः इजिप्तीने पसरवली. २००७ मध्ये केरळमधल्या, अल्बोपिक्टसने भरलेल्या रबराच्या मळ्यांच्या मुलखात व्हॅलिन सापडलं. हा विषाणू रीयुनियनहून आलेला नव्हता. तोच बदल इथे नव्याने झाला होता.