इनहेरिट करायचं की आत ठेवायचं?

प्रोग्रामिंगमध्ये इनहेरिटन्स आणि कंपोझिशन यांतला फरक व्याख्येत पाच मिनिटांत कळतो आणि हाताला वळण लागायला वर्ष जातं. दोन्हींनी काम भागतं, कोड चालतो, आणि चालणाऱ्या कोडकडे नवशिका सहसा वळून बघत नाही.

व्याख्या उरकून घेऊ. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून बनलेली वस्तू, आणि मेथड म्हणजे त्या वस्तूला करता येणारं एक काम. इनहेरिटन्समध्ये नवा क्लास जुन्या क्लासचा वारस होतो आणि जुन्याच्या मेथड त्याला आयत्या मिळतात. कंपोझिशनमध्ये नवा क्लास जुन्याचा एक ऑब्जेक्ट स्वतःच्या आत ठेवतो आणि लागेल तेव्हा त्याच्याकडून काम करून घेतो. शिकवताना खूणगाठ दिली जाते ती अशी: ‘हा तो आहे’ म्हणता आलं तर इनहेरिटन्स, ‘याच्यात तो आहे’ म्हणता आलं तर कंपोझिशन. मोटार हे वाहन आहे, मोटारीत इंजिन आहे.

मला ही खूणगाठ फारशी पटत नाही. ती मराठी वाक्याला विचारते, कोडला विचारत नाही. भूमितीत चौरस हा आयत आहे, त्यावर वाद नाही. मग आयत नावाचा क्लास लिहा. रुंदी बदलणारी एक मेथड, उंची बदलणारी दुसरी, क्षेत्रफळ देणारी तिसरी. चौरस त्याचा वारस. चौरसाच्या बाजू सारख्या राहायला हव्यात, म्हणून एक बदलली की दुसरीही बदलेल अशी सोय करा. आता आयत घेणारं एक छोटं फंक्शन लिहा: रुंदी ५ कर, उंची ४ कर, क्षेत्रफळ छाप. आयत दिला तर २० येतात. चौरस दिला तर १६.

चुकलं कोण? फंक्शन लिहिणाऱ्याने गैर काही धरलं नव्हतं. रुंदी एकटी बदलता येते, हे वचन आयताने दिलं होतं आणि वारसाला ते पाळता आलं नाही. (एकदा बनवल्यावर बाजू बदलताच न येणारा आयत असता, तर चौरस बिनतक्रार त्याचा वारस झाला असता.) संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका भाषणात हाच मुद्दा मांडला आणि पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला: पेरेंट (जुना क्लास) जिथे चालतो तिथे चाइल्ड (त्याचा वारस) ठेवला, तर प्रोग्रामचं वागणं बिघडता कामा नये.

अशी चूक नवशिकेच करतात असं समजू नका. जावा या भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत (सोबत येणाऱ्या तयार क्लासच्या संग्रहात) स्टॅक हा क्लास पहिल्या आवृत्तीपासून वेक्टरचा वारस आहे. स्टॅक म्हणजे वर ठेवायचं आणि वरूनच काढायचं. पण वेक्टर म्हणजे वाढत जाणारी यादी, तीत मधे कुठेही घुसवता येतं, आणि ते सगळं स्टॅककडे वारशाने आलं. जेशेल (जावाच्या ओळी लगेच चालवून दाखवणारं साधन) उघडा, १, २, ३ पुश करा (वर ठेवा) आणि मग ॲड मेथडने शून्याव्या, म्हणजे तळाच्या, जागी ९९ टाका. कोणी अडवत नाही. चार वेळा पॉप केलं (वरून काढलं) की ३, २, १, ९९ येतात. सगळ्यात शेवटी टाकलेला ९९ सगळ्यात शेवटी बाहेर, म्हणजे स्टॅकचा नियमच मोडला. आता तो वारसा काढून घेतला तर जुना कोड तुटेल, म्हणून क्लास तसाच राहिला आहे, आणि त्याऐवजी डेक (दोन्ही टोकांनी भरता-काढता येणारी रांग) वापरा अशी सूचना जावाच्या दस्तऐवजातच दिलेली आहे.

मला स्वतःला हा फरक खरा कळला तो पायथन या भाषेच्या लिस्टवर, म्हणजे यादीवर. वीस ओळींचं काम आहे, वाचून सोडू नका, टाइप करा. लिस्टमध्ये आतापर्यंत किती गोष्टी टाकल्या हे मोजणारी लिस्ट हवी. सोपं वाटतं: लिस्टपासून क्लास इनहेरिट करा, एक मोजणी ठेवा, अपेंड मेथड (शेवटी एक गोष्ट टाकणारी) नव्याने लिहून तीत मोजणी एकने वाढवा आणि पुढचं काम पेरेंटच्या अपेंडवर सोपवा. तीनदा अपेंड करा, मोजणी ३. छान. आता नवी लिस्ट घेऊन एक्सटेंडने तीन गोष्टी एकदम टाका. लिस्टमध्ये तिन्ही आहेत, मोजणी मात्र ०.

का? पेरेंटची एक्सटेंड तुमच्या अपेंडला विचारतच नाही, ती परस्पर लिस्टमध्ये भर घालते. इन्सर्ट (हव्या त्या जागी टाकणारी) तशीच, अधिक-बरोबर (+=) हे चिन्ह तसंच. म्हणजे इनहेरिट करताना पेरेंटच्या मेथड आत एकमेकींना कशा बोलावतात, हेही माहीत असावं लागतं. आणि ते बाहेरून दिसत नाही.

तोच क्लास आता कंपोझिशनने लिहा. कोणाचा वारस नाही, आत एक साधी लिस्ट, बाहेर फक्त तुमची अपेंड. एक्सटेंड करून बघा. ॲट्रिब्यूट एरर येते, कारण ती मेथड तुम्ही लिहिलेलीच नाही. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. इनहेरिटन्समध्ये तुम्ही विसरलेली गोष्ट गुपचूप चालत राहते आणि चुकीचं उत्तर देते, कंपोझिशनमध्ये ती तिथल्या तिथे ओरडते. ओरडणारी चूक दहा मिनिटांत सापडते. मुकी चूक महिन्याने, तीही दुसऱ्याच कोणाला.

याची किंमत आहेच. हवी ती प्रत्येक मेथड हाताने लिहून आतल्या लिस्टकडे पाठवायची. लांबी हवी तर ती लिहा, फॉर लूप चालवायचा तर त्याची मेथड लिहा. कंटाळवाणं काम आहे, आणि त्या कंटाळ्यापोटीच बरेचजण पुन्हा आयत्या मेथडच्या मोहात पडतात.

दुसरा फरक संख्येत दिसतो. एक छोटा गेम घ्या. शत्रू चालणारा, उडणारा किंवा पोहणारा, आणि हत्यार तलवार, धनुष्य किंवा भाला. इनहेरिटन्सने प्रत्येक जोडीला एक क्लास धरला तर ९ क्लास होतात. चौथं हत्यार आलं की १२. कंपोझिशनमध्ये हालचालींचे ३, हत्यारांचे ३, आणि दोन्ही आत ठेवणारा शत्रू. शिवाय गेम चालू असताना शत्रूच्या हातातली तलवार काढून धनुष्य देता येतं. तलवारवाला म्हणून जन्मलेल्या क्लासचं असं सहज होत नाही.

म्हणून इनहेरिटन्स टाकून द्यायचं का? नाही. पायथनमध्ये स्वतःची एरर बनवायची तर एक्सेप्शनचा, निदान त्याच्याही वरच्या बेसएक्सेप्शनचा, वारस व्हावंच लागतं. नुसता साधा क्लास रेझ करून (एरर म्हणून फेकून) बघा, पायथन टाइप एरर देऊन तोंडावर दार लावतं. युनिटटेस्ट या पायथनच्या टेस्ट-लायब्ररीत टेस्टकेसचा वारस होऊन टेस्ट लिहिण्याची पद्धतही तशीच. या ठिकाणी पेरेंट मुळातच वारसांसाठी लिहिलेला असतो, आणि तुम्हाला त्याचं जवळपास सगळंच हवं असतं. लिस्टच्या बाबतीत तुम्हाला फक्त अपेंड हवी होती.

आता क्लास लिहिताना मी ‘हा तो आहे का’ हे विचारणं सोडून दिलंय. पेरेंटच्या मेथडची यादी उघडतो आणि एकेक वाचत जातो: ही माझ्या ऑब्जेक्टवर कोणी चालवली तर चालेल? ही? आणि ही? पहिला ‘नको’ आला की यादी बंद करतो आणि त्या क्लासला वारसाहक्क न मागता आत एका फील्डमध्ये बसवतो.